जुन्या स्विफ्टमध्ये घरच्या घरी वीस एचपी वाढतील का?

प्रश्न थोडक्यात असा: गाडी २०१२ ची स्विफ्ट पेट्रोल, एक लाख दहा हजार किलोमीटर झालेली. राहायला कोल्हापुरात. महिन्यातून एक-दोनदा करूळ घाटातून वैभववाडीला जाणं होतं आणि परतताना घाट चढताना गाडी ओढत नाही. बजेट १५–२० हजार. स्वतःच्या हातानं काम करून २० एचपी वाढवायचे आहेत. कोन फिल्टर (डब्याविना उघडा बसवायचा शंकूसारखा एअर फिल्टर), फ्री-फ्लो सायलेन्सर, इरिडियम प्लग आणि ऑनलाइन मिळणारी चिप, यातलं आधी काय घ्यावं?

वीस वाढणार नाहीत. पाच-सात मिळू शकतील, आणि त्यातले बहुतेक तुमच्याच इंजिनाचे, वापरात हरवलेले. यादीतल्या तीन वस्तू घेऊच नका. प्लग बदलायला झाले असतील तर बदला, पण त्यानं पॉवर वाढेल या आशेनं नको. हीच यादी घेऊन आमच्या गॅरेजवर सारखं कुणी ना कुणी येत असतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

इंजिनात पेट्रोल पाहिजे तेवढं ओतता येतं. इंजेक्टर (पेट्रोल फवारणारी तोटी) थोडा जास्त वेळ उघडा ठेवला की झालं. अडतं ते हवेपाशी. तुमचं इंजिन ११९७ सीसी, फोर स्ट्रोक. क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) दर दोन फेऱ्यांना चारही सिलिंडर मिळून ११९७ सीसी हवा ओढतात. ६००० आरपीएमला हे मिनिटाला ३००० वेळा होतं, म्हणजे जास्तीत जास्त ३६०० लिटर. प्रत्यक्षात सिलिंडर पूर्ण भरत नाहीत, ८५–९० टक्के भरले तरी खूप. वजनात सांगायचं तर कोल्हापूरच्या हवामानात मिनिटाला साधारण साडेतीन किलो हवा. जी काही पॉवर मिळते ती एवढ्या हवेत जाळता येईल तेवढ्या पेट्रोलची.

कंपनीनं दिलेला ८७ पीएसचा आकडा (पीएस आणि एचपी यांत फरक दीड टक्क्याचाच आहे, इथे सोडून देऊ) समुद्रसपाटीजवळच्या दाट हवेवरचा आहे. कोल्हापूर साडेपाचशे मीटर उंचीवर, इथे हवेचा दाब सहा टक्क्यांनी कमी. म्हणजे शोरूममधून बाहेर काढली त्या दिवशीसुद्धा तुमची गाडी इथे ८१–८२ चीच होती. महाबळेश्वरला नेली की आणखी आठ-नऊ टक्के जातात. यात २० वाढवायचे तर जवळजवळ चौथा हिस्सा हवा जास्त आत गेली पाहिजे, मिनिटाला आठ-नऊशे ग्रॅम. कोन फिल्टर विकणाऱ्याला एकदा विचारा, की ही एवढी हवा आत ढकलणार कोण?

फिल्टरचं खरंखोटं घरीच तपासता येतं. गवंडी भिंतीची लेव्हल बघायला वापरतात ती पारदर्शक नळी तीन-साडेतीन मीटर आणा. टॅपेट कव्हरकडून (इंजिनाच्या वरच्या झाकणाकडून) येणारी ब्रीदरची नळी इनटेकच्या (इंजिनात हवा नेणाऱ्या) रबरी पाइपात जिथे शिरते, म्हणजे फिल्टरच्या पुढे आणि थ्रॉटलच्या (हवा कमी-जास्त सोडणाऱ्या झडपेच्या) अलीकडे, तिथली ब्रीदर नळी चाचणीपुरती काढून लेव्हल नळीचं एक टोक त्या भोकात हवाबंद बसवा. टॅपेट कव्हरच्या उघड्या तोंडाला स्वच्छ फडकं बांधा. दुसरं टोक गाडीत आणून नळीचा यू आकार करा, पुठ्ठ्यावर फूटपट्टीसोबत चिकटवा आणि अर्धी नळी रंगीत पाण्यानं भरा. पाणी इंजिनात ओढलं जाऊ नये म्हणून मध्ये एक रिकामी बाटली घ्या: बुचाला दोन भोकं पाडून दोन्ही नळ्या बाटलीच्या वरच्याच भागात ठेवा, म्हणजे चुकून पाणी वर आलंच तर बाटलीत साठेल. ही बाटली टाळू नका, पाणी सिलिंडरमध्ये गेलं तर कनेक्टिंग रॉड वाकतो.

आता काचा बंद, ब्लोअर बंद, शेजारी एक माणूस मोबाइलवर पट्टीचं शूटिंग घेणारा, आणि मोकळ्या रस्त्यावर दुसऱ्या गिअरमध्ये पूर्ण अॅक्सिलरेटर देऊन इंजिन ६००० पर्यंत न्या. नळीच्या दोन बाजूंच्या पाण्यात किती सेंटिमीटरचा फरक पडला ते बघा. कोल्हापुरात हवेचा दाब पाण्याच्या ९७० सेंटिमीटर उंचीएवढा असतो. फरक २० सेंटिमीटर आला, तर फिल्टर, त्याचा डबा आणि पुढचं धुराडं (ग्रिलमागून डब्यात हवा आणणारा प्लॅस्टिकचा पाइप) मिळून दोन टक्के दाब खातात. दोन टक्के म्हणजे दीड-पावणेदोन पीएस. फिल्टरच पूर्ण काढून टाकला तरी यापेक्षा जास्त मिळणार नाही. कोन फिल्टर तर यातला थोडाच भाग परत देईल. हीच चाचणी धूळ खाल्लेल्या फिल्टरवर करा, मग नवा मूळ फिल्टर टाकून करा. जो फरक दिसेल तो तीन-चारशे रुपयांत मिळालेला.

कोन फिल्टर लावल्यावर गाडी हलकी झाल्यासारखी वाटते, ती आवाजामुळे. फिल्टरचा प्लॅस्टिकचा डबा हा इनटेकचा सायलेन्सरही असतो. तो काढला की घशातला 'हूऽऽ' आवाज केबिनपर्यंत येतो आणि पाय आपोआप जास्त दाबला जातो. प्रत्यक्षात बहुतेक गाड्यांची पॉवर कमी होते, कारण मूळ डबा ग्रिलमागून बाहेरची हवा घेतो आणि उघडा कोन बॉनेटखालची गरम हवा ओढतो. बाहेर ३५ अंश असताना बॉनेटखाली ६५ सहज होतात. तेवढ्या फरकानं हवेची घनता नऊ टक्क्यांनी घटते. वेगात असताना परिस्थिती जरा सुधारते, पण घाटात, दुसऱ्या गिअरवर, रेडिएटरचा पंखा गरम हवा मागे फेकत असताना काय होत असेल याचा विचार करा.

उलट एक गोष्ट फुकटात तपासा. ग्रिलमागून फिल्टरच्या डब्याकडे जाणारं जे प्लॅस्टिकचं धुराडं असतं ना, ते जागेवर आहे का? पुढचा बंपर एकदा जरी उतरवला असेल तर निम्म्या गाड्यांत ते तुटलेलं, निसटलेलं किंवा गायबच असतं. डेंटिंगवाल्याच्या दृष्टीनं तो बिनकामाचा तुकडा. गाडी मग वर्षानुवर्षं गरम हवेवर चालते आणि कुणालाच कळत नाही. ओबीडीचा (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे मोबाइलवर दाखवणारा) ब्लूटूथ अॅडॉप्टर काही शेकड्यांत मिळतो, तो घ्याच. त्यावर इनटेक एअर टेंपरेचर दिसतं. मोकळ्या रस्त्यावर ७० च्या वेगानं पाच मिनिटं चालवल्यावर हा आकडा बाहेरच्या तापमानापेक्षा पंधरा-वीस अंशांनी जास्त दिसत असेल, तर धुराडं आणि त्याचे जोड बघा.

फ्री-फ्लो सायलेन्सरबद्दल दोन टोकाची मतं ऐकू येतात. एक म्हणतो मोकळा पाइप टाकला की गाडी सुटते, दुसरा म्हणतो बॅकप्रेशर (धुराला पाइपात होणारा अडथळा) नसेल तर टॉर्क (इंजिनाचा फिरवण्याचा जोर) जातो. बॅकप्रेशर कुठल्याच इंजिनाला नको असतं. हवा असतो तो वेग: पाइपातून जाणाऱ्या धुराचा झोत वेगवान असला की तो मागच्या धुराला आपल्यामागे ओढतो आणि सिलिंडर नीट रिकामा होतो. पाइप गरजेपेक्षा जाड केला की हा झोत मंदावतो आणि खालच्या आरपीएमला गाडी सुस्त पडते. म्हणून १.२ लिटरच्या इंजिनाला अडीच इंची पाइप जोडणारा वेल्डर हा तुमच्या टॉर्कचा शत्रू. शिवाय तुमच्या गाडीत खरी अडचण शेपटीकडच्या डब्यात नसून पुढे मॅनिफोल्ड (सिलिंडरांचा धूर एकत्र आणणारे पाइप) आणि कॅटलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर स्वच्छ करणाऱ्या जाळीच्या डब्यात) आहे. फक्त शेवटचा डबा बदलून एखाद-दोन पीएस मिळाले तर नशीब. कन्व्हर्टर काढायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका; पीयूसीला अडकाल, चेक इंजिनचा दिवा लागेल आणि काचा उघड्या ठेवल्यात तर डोकं दुखेल ते वेगळंच. मात्र एक लाखावर गाडी गेली असेल आणि मध्ये कधी प्लग किंवा कॉइल खराब होऊन गाडी बरेच दिवस मिस मारत चालवली असेल, तर कन्व्हर्टर आतून वितळून बुजलेला असू शकतो. तशी गाडी तीन हजारापर्यंत बरी चालते आणि पुढे कुणीतरी मागून धरल्यासारखी होते. हे लक्षण असेल तर मला सांगा, ती गोष्ट वेगळी.

चिपबद्दल थोडक्यात. ओबीडी पोर्टमध्ये खोचायच्या, दिवे लुकलुकणाऱ्या त्या डबीत दिव्यांशिवाय काही नसतं, आम्ही उघडून बघितल्या आहेत. दुसरा प्रकार म्हणजे इनटेक टेंपरेचर सेन्सरच्या वायरीत घालायचा रेझिस्टर. तो ईसीयूला (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरला) हवा थंड असल्याची थाप मारतो, ईसीयू पेट्रोल वाढवतं आणि दहा मिनिटांत ऑक्सिजन सेन्सर ते परत कमी करतो. इरिडियम प्लगची टोकं टिकाऊ असतात, ठिणगी सुद्धा चांगली पडते, पण चांगला साधा प्लग मिश्रण पेटवत असेल तर ते 'जास्त' पेटत नाही. शंभर ऑक्टेनचं पेट्रोलही तसंच. जास्त ऑक्टेन म्हणजे नॉकिंगला (मिश्रण वेळेआधी आपोआप पेटून होणाऱ्या ठोक्यांना) विरोध जास्त. तुमचं इंजिन साध्या पेट्रोलवर नॉक करत नसेल तर पंपावरचे जादा पैसे धुरात गेले.

आता घाटाकडे येऊ, कारण तुमचं खरं दुखणं तिथे आहे, आणि ते एचपीचं आहे की नाही याची मला शंका आहे.

या इंजिनाचा जास्तीत जास्त टॉर्क ११४ न्यूटन मीटर, तो ४००० आरपीएमला. न्यूटन मीटर गुणिले आरपीएम, भागिले ९५४९, की किलोवॅट मिळतात, ते ०.७३५५ नं भागले की पीएस. चार हजाराला हे ६५ पीएस येतात. दोन हजाराला टॉर्क १०० धरला तर २८–२९. एकच इंजिन, एकच पेट्रोल, पण घाटात तिसऱ्या गिअरवर दोन हजाराला रेटत नेलं तर तुमच्याकडे २९ पीएसची गाडी आहे आणि दुसरा टाकून चार हजाराच्या जवळ नेलं तर ६५ ची. गाडी 'ओरडते' म्हणून लोक वरच्या गिअरवर ठेवतात. हे इंजिन चार-पाच हजारावर चालवायला बनवलेलं आहे, त्याला काही होत नाही. करूळच्या वळणांवर वेग तीसच्या खाली गेला की तिसरा गिअर विसरून जा. सोबत एसी बंद केलात तर कॉम्प्रेसर खातो ते तीन-चार एचपी परत. हे करूनही गाडी ओढत नसेल, तर मग हरवलेली पॉवर शोधायला लागू.

शोधायच्या आधी मोजमाप ठरवा. 'फरक जाणवतो' याला गॅरेजच्या भाषेत काही किंमत नाही. पैसे खर्च केलेल्या माणसाला फरक जाणवतोच. सपाट, सरळ, रहदारी नसलेला रस्ता निवडा. पहाटेची वेळ, वारा नसलेला दिवस. गाडीत तुम्ही आणि नोंद घेणारा एकच माणूस, दरवेळी तेच दोघं. टाकी अर्धी, टायरची हवा ठरलेली, इंजिन पूर्ण गरम, एसी बंद. तिसऱ्या गिअरमध्ये ४० च्या थोडं खालून पूर्ण अॅक्सिलरेटर द्या आणि ४० ते ८० ला किती सेकंद लागतात ते जीपीएसवरून घ्या, स्पीडोमीटरवरून नको. जाताना चार वेळा आणि येताना चार वेळा, मग सरासरी. दोघांसकट गाडी अकराशे किलोच्या आसपास असते. पाच टक्के पॉवर वाढली तर वेळ पाच टक्क्यांच्या आसपास कमी होणार, म्हणजे आठ सेकंदांतले फार तर चार दशांश. चार दशांश सेकंदाचा फरक माणसाच्या पाठीला कळत नाही, घड्याळालाच कळतो. आणि पन्नास-पंचावन्न किलोचा माणूस गाडीत वाढला तरी एवढाच फरक पडतो. डिकीतला सबवूफर, रिकामे कॅन, पूजेच्या सामानाची पिशवी, गेल्या दिवाळीपासून पडलेली खोकी बाहेर काढा. स्टेपनी आणि जॅक मात्र राहू द्या.

आता पहिलं काम: कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते ते. गेज घ्यायचा, हजाराच्या आसपास येतो. इंजिन गरम करा, फ्युएल पंपाचा फ्यूज काढून गाडी बंद पडू द्या, चारही कॉइल आणि चारही प्लग काढा. बॅटरी चांगली चार्ज हवी. दुसऱ्याला अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरायला सांगा, गेज प्लगच्या भोकात आवळा आणि स्टार्टर सहा-सात फटके फिरवा. आकडा लिहा, पुढचा सिलिंडर. निव्वळ आकड्यापेक्षा चारांतला फरक जास्त बोलतो. सगळे दहा टक्क्यांच्या आत असतील तर इंजिन निरोगी. एक सिलिंडर बराच खाली असेल तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंगा गेल्या, ऑइलनं फट बुजली म्हणून चढला. नाही चढला तर व्हॉल्व्ह नीट बसत नाही किंवा गॅसकेट. गेज पहिल्या फटक्याला किती जातो हेही बघा. चांगला सिलिंडर पहिल्याच फटक्याला निम्म्यावर उडी मारतो, रिंगा गेलेला हळूहळू चढतो. इथे एक सिलिंडर २० टक्के कमी निघाला, तर सायलेन्सरची दुकानं विसरा आणि पैसे हेडसाठी (व्हॉल्व्ह असलेल्या इंजिनाच्या वरच्या भागासाठी) राखून ठेवा.

कॉम्प्रेशन बरं निघालं तर ओबीडीवर लाँग टर्म फ्युएल ट्रिम बघा. ईसीयूनं मूळ हिशोबापेक्षा पेट्रोल किती टक्के वाढवलंय किंवा घटवलंय ते यात दिसतं. शून्याच्या पाच इकडेतिकडे असेल तर उत्तम. पण आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे, आणि इथेनॉलला जळायला हवा कमी लागते. त्यामुळे जुन्या गाड्यांत हा आकडा अधिककडे सहा-आठनं सरकलेला दिसतो. घाबरू नका. मात्र अधिक बारा, पंधरा, अठरा असं दिसलं तर कुठेतरी चोरून हवा शिरते आहे, किंवा पेट्रोलचा दाब कमी पडतो आहे. इंजिन चालू ठेवून इनटेक मॅनिफोल्डच्या गॅसकेटवर, ब्रेक बूस्टरच्या व्हॅक्यूम नळीवर साबणाचं पाणी थोडं थोडं शिंपडा. जिथे आयडलिंग बदलेल तिथे गळती. चौदा वर्षांत रबरी नळ्यांना चिरा पडतातच. गळती नसेल तर फ्युएल पंप आणि त्याची जाळी.

थ्रॉटल पूर्ण उघडतो का? हसू नका, फार गाड्यांत उघडत नाही. कारण असतं पायाखालचं जाड रबरी मॅट, वर आणखी एक नक्षीदार मॅट आणि त्यावर वर्तमानपत्र. पेडल खाली टेकतं ते मॅटवर. मॅट काढून आणि घालून ओबीडीवर थ्रॉटलचा आकडा बघा. पूर्ण दाबूनही पुष्कळ गाड्यांत हा आकडा शंभर दाखवत नाही, ऐंशीच्या घरातच थांबतो. ती सेन्सरची पद्धत आहे, बिघाड नाही. तुम्हाला बघायचाय तो मॅटसह आणि मॅटविना पडणारा फरक. थ्रॉटल बॉडी काळी झाली असेल तर क्लीनर फडक्यावर मारून पुसा. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलची पाकळी इग्निशन चालू असताना बोटानं ढकलू नका, आतले गिअर प्लॅस्टिकचे असतात. यानं आयडलिंग सुधारतं, पॉवर वाढत नाही, कारण पूर्ण उघडल्यावर पाकळीच्या कडेची काजळी कुणाला आडवी येत नाही.

यापुढची गळती इंजिनाच्या बाहेरची. चारही चाकं एकेक करून जॅकवर उचला आणि हातानं फिरवा. पुढचं चाक फिरवून सोडल्यावर लगेच थांबत असेल तर कॅलिपरच्या (ब्रेक पॅड दाबणाऱ्या भागाच्या) गाइड पिना सुकल्या आहेत. काढून घासून ब्रेकचंच सिलिकॉन ग्रीस लावा. कोकणात जा-ये करणाऱ्या गाड्यांत हे फार, पावसात पिना गंजतात. मागची चाकं अडत असतील तर हँडब्रेकची केबल. हे काम दोनशे रुपयांचं आहे आणि मी बघितलेल्या 'पिकअप गेलेल्या' गाड्यांत किती तरी वेळा एवढंच निघालंय. क्लचची परीक्षा सोपी: चौथ्या गिअरमध्ये ४५ च्या वेगाला अॅक्सिलरेटर एकदम पूर्ण द्या. आरपीएमचा काटा वर पळाला आणि वेग तिथेच राहिला तर प्लेट घसरतेय.

ऑइलचं काय टाकलंय तेही विचारा. कोपऱ्यावरचा मेकॅनिक ड्रममधलं २०डब्ल्यू-४० सगळ्यांना घालतो, ट्रॅक्टरलाही आणि तुम्हालाही. या इंजिनाच्या बारीक फटींसाठी पातळ ऑइल ठरवलेलं आहे, मॅन्युअलमध्ये लिहिलेला ग्रेडच वापरा. जाड ऑइल घोळवण्यात थोडी पॉवर जाते आणि पहाटे स्टार्ट करताना वरच्या भागाला ऑइल उशिरा पोचतं.

टायर मूळ मापाचे आहेत का? या मॉडेलला १६५/८० आर१४ किंवा १८५/६५ आर१५ येत, दोन्हींचा बाहेरचा व्यास जवळपास सारखाच, ६२० मिलिमीटरच्या आसपास. लोक १९५/६५ टाकतात. व्यास दोन टक्क्यांनी वाढतो, म्हणजे प्रत्येक गिअर दोन टक्क्यांनी उंच झाला आणि चाकाला मिळणारा रेटा तेवढाच घटला. त्यात अलॉय जड असेल तर ते वजन फिरवायलाही दम लागतो. कोन फिल्टरनं जे मिळालं असतं ते इथे आधीच देऊन बसलेले असतात.

एवढं करून गाडी ताजी झाली आणि तरीही हात शिवशिवत असतील, तर खऱ्या कामाबद्दल बोलू. हेड उतरवून उद्यमनगरात (इथल्या वर्कशॉपांच्या वसाहतीत) फेसिंग मारून, म्हणजे खालचा पृष्ठभाग घासून, घेतलं की कॉम्प्रेशन रेशो वाढतो, हा जुना उपाय. तुमच्या इंजिनाचा बोअर ७३ मिलिमीटर, एका सिलिंडरला २९९ सीसी. रेशो १०:१ धरला तर चेंबर (पिस्टन पूर्ण वर आल्यावर उरणारी जागा) ३३ सीसीचा. अर्धा मिलिमीटर घासल्यावर चेंबर दोनेक सीसीनं लहान होतो आणि रेशो साडेदहाच्या किंचित वर जातो. हिशोबानं दीड टक्का फायदा, सव्वा-दीड पीएस. त्यासाठी नॉकिंगचा धोका, पिस्टन आणि व्हॉल्व्हमधलं अंतर कमी, टायमिंग चेनचा मेळ किंचित सरकलेला. हेड दुसऱ्या कारणानं उतरलंच असेल तर व्हॉल्व्ह सीट तीन कोनांत कापून घ्या, पोर्टच्या (हेडमधल्या हवा-धुराच्या वाटेच्या) आतला ओतीव कामाचा उंचवटा आणि गॅसकेटची पुढे आलेली कड घासून सपाट करा. हा पैसा वसूल होतो. पोर्ट आरशासारखं चमकवू नका, त्यानं काही मिळत नाही.

चांगल्या माणसाकडून केलेला ईसीयू रिमॅप (कॉम्प्युटरचं प्रोग्रॅमिंग बदलणं) तुमच्या इंजिनाला चार-पाच पीएस देईल आणि तुमचं सगळं बजेट खाईल. टर्बो (हवा दाबून आत ढकलणारा पंखा) नसलेल्या इंजिनात रिमॅप फक्त इग्निशन टायमिंग आणि मिश्रण थोडं टोकाला नेतो, हवा वाढवू शकत नाही. शेजाऱ्याच्या डिझेल स्विफ्टला रिमॅपनं पंधरा-वीस मिळाले असं तो सांगत असेल तर खोटं बोलत नाही. ते १२४८ सीसीचं, ७५ पीएसचं इंजिन, पण त्याला टर्बो आहे. सॉफ्टवेअरनं टर्बोचा दाब वाढवला की हवा खरोखरच जास्त आत जाते. त्याचा क्लच किती दिवस टिकतो ते मात्र त्याला वर्षभरानं विचारा. पूर्वी एस्टीममध्ये जुन्या बलेनोचं १६०० सीसी इंजिन बसवणारे लोक होते. तेव्हा वीस-तीस एचपीचा तो सगळ्यात सरळ रस्ता होता आणि गाडी खरंच पळायची.

आज तसं करताना कायदा बघावा लागतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं की कंपनीनं नोंदवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानंही जानेवारी २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं बदललेल्या कलम १८२-अ नुसार बेकायदा बदलाला मालकाला दर बदलामागे ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. कोल्हापुरात सायलेन्सरवर पोलिसांची नजर आधी जाते, आवाजच सांगतो. अपघात झाला तर इन्शुरन्सचा सर्व्हेअर बॉनेट उघडून बघतो, हेही धरून चाला. मी वर सांगितलेली दुरुस्ती, सफाई, मूळ मापाचे पार्ट यातलं काहीही बेकायदा बदलात मोडत नाही.

तेव्हा या महिन्यात एवढं करा: नवा मूळ फिल्टर, धुराडं, मॅट, चार चाकं, कॉम्प्रेशन. तीन-साडेतीन हजारात होईल, गेज आणि ओबीडीसकट. चार सिलिंडरचे आकडे कोरडे आणि ऑइल टाकून, लाँग टर्म ट्रिम, आणि ४० ते ८० च्या आधीच्या-नंतरच्या वेळा लिहून पाठवा. उरलेले पैसे क्लचवर घालायचे, हेडवर की पंपावर ते त्यावरून सांगतो. तोवर सायलेन्सरवाल्याला अॅडव्हान्स देऊ नका.